गडावरचा फोटो कोर्टाबाहेर

माझा आवाज गोड नाही, मोठा आहे. माहेरी आई सारखी म्हणायची, "हळू बोल गं बाई, शेजाऱ्यांना वाटेल घरात भांडण लागलंय." त्याच आवाजावर मी जन्मभर नोकरी केली. जळगाव आणि धुळे यांच्या मधल्या एका तालुक्याच्या कोर्टात मी शिपाई होते. आमचे हे तिथेच पट्टेवाले होते. ते अचानक गेले आणि त्यांच्या जागेवर सरकारनं मला घेतलं. सुरुवातीला गावातली माणसं मुद्दाम मला बघायला यायची. बाईमाणूस पुकारा करते म्हणजे काय करते, ते बघायला! मी पण असा काही पुकारा करायची की समोरच्या झाडाखाली चहा पिणारा साक्षीदार कप टाकून पळत यायचा.

पुकारा म्हणजे काय, ते कोर्टाची पायरी न चढलेल्यांसाठी सांगते. खटला निघाला की दारात उभं राहून आरोपीचं, साक्षीदाराचं नाव तीनदा ओरडायचं. माणूस आला की त्याला पिंजऱ्यात उभं करायचं. आम्ही पिंजराच म्हणायचो, लाकडी कठडा असतो नुसता. मग शपथ द्यायची. "म्हणा, देवाला स्मरून सांगतो, खरं सांगेन, खोटं सांगणार नाही." मी म्हणायची, माझ्यामागून तो म्हणायचा. खरं तर हे काम शिरस्तेदारांचं, म्हणजे कोर्टातल्या मोठ्या कारकुनांचं. आमचे शिरस्तेदार म्हणजे नाना. पण नानांना दमा होता, त्यामुळे ते काम माझ्या गळ्यात पडलं ते कायमचंच.

शपथेच्या वेळी माणूस कळतो, बघा. कुणी पिंजऱ्याबाहेर चपला काढून आत शिरायचा, देवळात शिरावं तसा. एक दूधवाला मला म्हणाला, "बाई, कोणता देव स्मरू? घरचा का गावचा?" म्हटलं, जो तुझं ऐकतो तो स्मर बाबा, पण लवकर स्मर, साहेब थांबलेत. एक मारवाडी शेठजी आधी तोंडातली सुपारी बाहेर जाऊन थुंकून यायचे, चूळ भरायचे, मगच देवाचं नाव घ्यायचे. पुढे जे सांगायचे त्यातलं अर्धं खोटं असायचं, पण तोंड स्वच्छ हं! आणि काही जण तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत शपथ उरकून मोकळे. असा माणूस दिसला की नाना चष्म्यावरून माझ्याकडे बघायचे आणि मी नानांकडे.

मला स्वतःला त्या शपथेचं फार होतं. शिकलेली नाही मी, सातवी पास. कायदा मला काय कळणार? पण माणूस देवाचं नाव घेऊन बोलतो म्हणजे कुठं तरी त्याला टोचत असणारच, अशी माझी पक्की समजूत होती. म्हणून एका चैत्रात गडावर गेले तेव्हा सप्तशृंगीचा मोठा फोटो आणला. काचेचा, पितळी चौकटीचा. मांडीवर घेऊन बसमधून आले, पाय सुजले माझे. पिंजऱ्याच्या बरोबर समोरच्या भिंतीवर लावला. साक्षीदारानं मान वर केली की आई समोर! नानांनी उदबत्ती लावली, वकील मंडळींनी पेढे वाटले. तेव्हाच्या साहेबांनीही हात जोडले. कोर्टात देव आहे, असं सगळ्यांनाच बरं वाटत होतं. निदान मला तरी तसं दिसत होतं.

मग ऐंशीच्या दशकाच्या शेवटाशेवटाला नवे साहेब बदलून आले. तरणे, सडपातळ, हळू बोलणारे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी नानांना सांगितलं, कागदाच्या माथ्यावर 'श्री' लिहू नका, खटल्याचा नंबर लिहा. तीस वर्षं माणूस 'श्री' लिहितोय! दुसऱ्या आठवड्यात मला बोलावलं.

"बाई, समोरचा फोटो तुम्ही लावलाय?"

मी खुशीत म्हटलं, "हो साहेब. गडावरून आणलाय."

"उतरवा."

मला वाटलं, पुसायला उतरवा म्हणताहेत. म्हटलं, कालच पुसलाय. तर म्हणाले, "पुसायला नाही. घरी न्या. कालचा साक्षीदार माझ्या प्रश्नांची उत्तरं फोटोकडे बघून देत होता. इथं उभ्या राहणाऱ्या कुणालाच असं वाटायला नको की निकाल तिकडून लागतो. आणि ज्याचा तो देव नाही, त्याला तर मुळीच नको."

कोर्टातून देवी उतरवा! असं कुणी कधी ऐकलंय? त्या दिवशी मी डबा उघडला नाही. नानांना म्हटलं, "हा माणूस कुठल्या मुहूर्तावर जन्मलाय हो?" नाना म्हणाले, "हळू बोला, तुमचं हळू पण बाररूमपर्यंत जातं." फोटो मी उतरवला. पण घरी नेईना. नेला असता तर साहेबांचं खरं झालं असतं ना! जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि कोर्टहॉलमधल्याच लाकडी कपाटावर ठेवून दिला. साहेबांना म्हटलं, सवडीनं नेते. मनात म्हटलं, बदली होईल यांची, मग आई परत आपल्या जागेवर.

आता खटल्याचं सांगते. नावं बदलली आहेत.

जवळच्याच एका गावात केळीची बाग असलेलं खातंपितं घर. घरात विधवा आई, सगळं गाव तिला अक्का म्हणायचं, आणि तिचा एकुलता एक मुलगा रमेश. त्यांच्याकडे भाईदास नावाचा भिल्ल सालदार होता. सालदार म्हणजे आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, ठरवलेला, वर्षभर मालकाच्या शेतावर राबणारा गडी. एक दिवस विहिरीवरची मोटार जळाली. लाईट कमीजास्त झाली होती, त्यात भाईदास काय करणार? पण रमेशनं राग त्याच्यावर काढला. लोखंडी पाइपानं असा मारला की भाईदासचा उजवा हात मनगटापासून वाकडा झाला तो झालाच. बोटं मिटेनात. आता अशा हाताच्या माणसाला सालानं कोण ठेवणार? त्याच्या पोटावरच आलं होतं सगळं.

मारताना बघणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे अक्का. बाकी सगळे गडी म्हणाले, आम्ही तिथं नव्हतोच. अक्कांनी मात्र पहिल्या दिवशी पोलिसांना सगळं सांगितलं होतं. पण पोलिसांपुढे सांगणं वेगळं आणि कोर्टात सांगणं वेगळं. कोर्टात सांगितलं तरच ते धरतात. आणि आई मुलाच्या विरुद्ध कोर्टात उभी राहील, हे आमच्यापैकी कुणाला खरं वाटत नव्हतं. नाना म्हणाले, "फिरणार बघा. मुलासाठी आई फिरली नाही तरच नवल."

साक्षीच्या दिवशी मी पुकारा केला. अक्का आल्या. साठीच्या आसपास, ठेंगण्या, डोक्यावरून घट्ट पदर, गळ्यात तुळशीची माळ. त्यांच्या घरची कानबाई, आमच्या खानदेशातली देवी, पंचक्रोशीत माहीत होती. श्रावणात कानबाई बसायची तेव्हा त्यांच्याकडच्या रोटांच्या प्रसादाला भाऊबंदांची रीघ लागायची. अशी देवभक्त बाई. रमेश आरोपीच्या जागी उभा होता. अगदी निवांत हो! वकिलांशी काहीतरी बोलून हसतसुद्धा होता. भाईदास बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसला होता. त्याची साक्ष आधीच्या तारखेला झाली होती, पण तरी तो आला होता.

मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "म्हणा अक्का, देवाला स्मरून सांगते..."

अक्का गप्प.

मला वाटलं, ऐकू आलं नाही. माझा आवाज ऐकू आला नाही असं आजवर कधी झालेलं नाही, पण तरी पुन्हा म्हटलं. अक्कांनी मान हलवली.

"देवनी आन मी लेवाव नही."

म्हणजे देवाची शपथ मी घेणार नाही. हॉलमध्ये एकदम कुजबूज झाली. नानांनी लेखणी खाली ठेवली. गळ्यात माळ, घरात कानबाई, आणि ही बाई देवाचं नाव घेत नाही! माझ्या मनात चटकन आलं, म्हातारीला खोटं बोलायचंय. खोटं बोलायचं आणि पाप लागू द्यायचं नाही, म्हणून देवाला बाजूला ठेवतेय. चांगलीच पक्की दिसते! आरोपीचे वकील तर उठलेच. म्हणाले, "साहेब, शपथ घेत नाही ती साक्षीदार कसली? हिचा जबाब लिहूच नये."

साहेबांनी हातानं त्यांना बसवलं. अक्कांना म्हणाले, "आजी, देवाची शपथ घेतलीच पाहिजे असं नाही. नुसती प्रतिज्ञा केली तरी कायद्याला चालतं. देवाचं नाव न घेता म्हणायचं, मी खरं सांगेन. तरीही खोटं बोललात तर शिक्षा तीच. चालेल?"

अक्कांनी चारी भिंतींकडे बघितलं. फोटोचा रिकामा खिळा होता तिथंही बघितलं. आणि विचारलं,

"साहेब, ह्या खोलीमा देव शे का?"

मी इतकी वर्षं कोर्टात काढली, पण असा प्रश्न कुणी विचारलेला ऐकला नव्हता. वकील हसले. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "का विचारता आजी?"

तेव्हा अक्कांनी सांगितलं. त्यांचं बोलणं अहिराणी, मी जमेल तसं लिहिते. "कालदिन घरमा ह्यासनी कानबाईना नारयवर मना हात ठेवाडा. आन लेवाडी, का मी काहीच देखं नही असं सांगसू. आन मोडी ते पोऱ्याले भोवी, असं म्हनाले लायं. म्हनीसन इचारस, साहेब. आठे देव व्हई ते तिले ऐकू जाई. मंग मी काही बोलाव नही. नसी ते सांगस."

ज्यांना कळलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. खानदेशात कानबाईचा नारळ घरात पिढ्यान् पिढ्या जपतात. तो नारळ म्हणजेच देवी. रमेशनं आणि त्याच्या काकांनी म्हातारीचा हात त्या नारळावर ठेवला आणि तिच्याकडून शपथ घेतली होती की कोर्टात 'मी काही पाहिलं नाही' असंच सांगीन, आणि ही शपथ मोडली तर मुलाचं वाईट होईल, असं तिच्याच तोंडून वदवून घेतलं होतं. स्वतःच्या जिवावरची शपथ तिनं मोडली असती, हे त्यांना माहीत होतं. म्हणून मुलाच्या जिवावर घातली. म्हणून तो निवांत उभा होता! आणि अक्का म्हणत होत्या, इथं देव असेल तर कानबाईला ऐकू जाईल, मग मी बोलणार नाही; नसेल तर सांगते.

अहो, घरचा देव काढून आईच्या तोंडाला कुलूप लावलं! आणि मी मघाशी काय समजत होते? ही बाई खोटं बोलायला जागा शोधत नव्हती. तिला खरं बोलायचं होतं आणि मुलाला देवीपासून वाचवायचंही होतं. आपलं लेकरू आणि दुसऱ्याच्या लेकराचा हात, या दोघांच्या मध्ये उभी राहून ती फक्त एक खोली मागत होती, जिथं देव ऐकत नाही.

साहेब शांतपणे म्हणाले, "नाही आजी. इथं देव नाही. इथं मी आहे, हे वकील आहेत आणि कायदा आहे."

आणि माझं लक्ष कपाटाकडे गेलं.

लुगड्यात गुंडाळलेली गडावरची आई तिथंच होती की! अक्कांच्या डोक्यापासून चार हातांवर. साहेबांना वाटत होतं मी कधीच घरी नेली. गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. पण साहेबांचा शब्द माझ्यामुळे खोटा होत होता, आणि तोही कुणापुढे, तर अशा बाईपुढे. आणि खरं सांगू? मलाही वाटलं, आई ऐकत असली तर? कानबाई काय आणि गडावरची काय, वेगळ्या थोड्याच आहेत! रमेशला खरंच काही झालं तर या म्हातारीनं कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

मी म्हटलं, "थांबा साहेब." स्टूल ओढलं, वर चढले, गठुडं काढलं. लुगडं सुटून पितळी चौकट दिसली. अक्कांचे डोळे मोठे झाले. सगळा हॉल बघत राहिला. साहेब माझ्याकडे असे बघत होते की मला वाटलं, नोकरी गेली आज. मी देवीला छातीशी धरलं आणि सगळ्यांच्या मधून चालत दाराबाहेर गेले. व्हरांड्यात ठेवायला जागा कुठली? बाकावर भाईदास होता. त्याच्याच मांडीवर दिला फोटो. म्हटलं, "धर रे भाऊ. नीट धर, काच आहे." त्यानं डाव्या हातानं चौकट धरली आणि वाकडा हात वरून ठेवला. मी आत आले आणि दार लावून घेतलं.

"आता नाही, अक्का," मी म्हटलं. जन्मात एकदाच माझा आवाज हळू निघाला असेल.

अक्कांनी प्रतिज्ञा केली. देवाच्या नावाशिवाय. आणि मग सांगितलं सगळं. "मी दारमा उभी व्हतू. भाईदास पाया पडे. मालक, मन्ही चूक नही, म्हने. तरी रमेशनी पाइप उचला." एकेक शब्द. मध्येच रमेश ओरडला, "माय!" अक्कांनी त्याच्याकडे बघितलं नाही. कठडा धरून पुढचं सांगत राहिल्या.

आरोपीच्या वकिलांनी उलटतपासात त्यांना धारेवर धरलं. "घरी देवाची शपथ घेतली ती तुम्ही इथं मोडलीत. मग तुमच्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

अक्का म्हणाल्या, "भाऊ, घरमा खोटं बोलासाठे आन लिधी मन्हापाईन. खरं बोलासाठे आजपावत कोनीच लिधी नही."

वकील खाली बसले. नानांनी ते वाक्य कागदावर उतरवून घेतलं आणि रुमालानं नाक पुसलं. दम्याचं निमित्त होतंच.

साक्ष संपल्यावर मी दार उघडलं. अक्का बाहेर आल्या, तर समोर बाकावर भाईदास, मांडीवर देवी. तो धडपडत उठायला लागला. अक्कांनी त्याला हातानंच बस म्हटलं. मग डोक्यावरचा पदर पुढे ओढून तोंड पूर्ण झाकलं, नवी सून सासऱ्यापुढून जाते तसं, आणि भिंतीकडे अंग वळवून देवीसमोरून निघून गेल्या. आयुष्यभर जिच्यापुढे दिवा लावला तिला तोंड दाखवायची म्हातारीला भीती वाटत होती. मी बाकाच्या कडेला टेकले आणि तिथंच रडले, अंगावर सरकारी कपडे असताना.

रमेशला शिक्षा झाली. वरच्या कोर्टातही ती टिकली. भाईदासचा हात काही सरळ झाला नाही, पण जे झालं ते खरं होतं, हे चारचौघांत ठरलं. भाऊबंदांनी अक्कांना घरात ठेवलं नाही. कानबाईच्या नारळाला हात लावू दिला नाही. त्या चाळीसगावला मुलीकडे गेल्या. साहेबांनी मला काय म्हटलं, असं पुष्कळ जण विचारतात. दुसऱ्या दिवशी फक्त विचारलं, "बाई, फोटो?" म्हटलं, "घरी आहे साहेब." आणि तो खरंच घरी होता. पुढे ते बदलून गेले. नवे साहेब आले, ते स्वतःच म्हणाले, "बाई, इथं एखादा देवाचा फोटो का नाही?" मी म्हटलं, "नको साहेब. राहू द्या." त्यांना कारण सांगत बसले नाही. पण तेव्हापासून प्रत्येक साक्षीदाराला मी आधी विचारायची, देवाची घेणार का नुसती? बहुतेक जण देवाचीच घ्यायचे. तरी विचारायची.

काही वर्षांनी बहिणीकडे चालले होते. चाळीसगावच्या स्टँडवर अक्का दिसल्या. वाकल्या होत्या खूप. मी ओळख दिली तर त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि पहिलंच वाक्य काय, "बाई, रमेश कसा शे? मन्हाशी बोलस नही तो. तुम्हनी कोरटमा काही कयनं का?"

कोर्टात त्याचं काही कळलं का, विचारत होत्या. रमेश तोवर सुटून आला होता. मागच्याच महिन्यात कसल्याशा कागदासाठी कोर्टात आलेला मी बघितला होता. म्हटलं, "अक्का, चांगला आहे. धडधाकट आहे. अंगानं भरलाय. लग्न ठरलंय म्हणे."

"हातपाय बठ्ठं बरं शे ना?"

"सगळं बरं आहे हो."

अक्कांनी डोळे मिटले. मग माझ्या हातावर थोपटत म्हणाल्या,

"मंग तिले ऐकू गयं नही, माय. तू दार लाई लिधं, बरं करं."